चौथी भिंत आणि या बाजूला बसलेले आपण

रविवार, रात्री उशिरा

आज सगळी कामं बाजूला ठेवून कॉमिक्स वाचत बसले आणि तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, पात्र गोष्टीतून मान वर करून थेट आपल्याकडे बघतं तेव्हा आपलं नक्की काय होतं? हल्ली सिनेमात, वेबसिरीजमध्ये कुणीही उठून कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतं, त्यामुळे चौथी भिंत, म्हणजे पात्रं आणि आपल्यामधली ती न दिसणारी भिंत, मोडणं फार स्वस्त झालंय असं मला मनापासून वाटतं. म्हणून ज्यांनी ते जीव ओतून केलं त्यांच्याबद्दल लिहून ठेवायचंय.

अमेरिकन चित्रकार विन्सर मॅकेची वर्तमानपत्रातली कॉमिक मालिका लिटल सॅमी स्नीझ, २४ सप्टेंबर १९०५ चं पान. सॅमी दर आठवड्याला शिंकायचा आणि त्या शिंकेनं आजूबाजूचं सगळं उधळून जायचं, गोष्ट एवढीच. पण या पानावर त्याच्याभोवती काहीच नाही, ना माणसं ना सामान, नुसती रिकामी चौकट आणि आत एकटं पोरगं. चेहरा वेडावाकडा होत जातो, तोंड वासतं, शिंक येते आणि फुटायला दुसरं काहीच नाही म्हणून चौकटच फुटते!! काळ्या रेघांचे तुकडे त्याच्या अंगावर लोंबकळतायत. कॉमिक्स हा प्रकार तेव्हा वर्तमानपत्रात नुकताच कुठे रुळत होता आणि तेव्हाच हा माणूस दाखवून मोकळा झाला की ही चौकट म्हणजे शाईची रेघ आहे, बाकी काही नाही. मी ते पान किती वेळ बघत बसले होते काय माहीत.

१९८९ ची जॉन बर्नची शी-हल्क, सुपरहिरो बाईचं कॉमिक, ते पण वाचायला काढलं. पहिल्या अंकाच्या कव्हरवरच वाचकाला दम देते, या वेळी माझं कॉमिक घेतलं नाहीस तर घरी येऊन तुझी सगळी एक्स-मेन कॉमिक्स फाडून टाकीन. धमाल आहे, पण तिथे तिचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नसतं.

ॲनिमल मॅन या सुपरहिरो कॉमिकचं तसं नाही. बडी बेकर म्हणजे साधा संसारी हीरो, बायको, दोन मुलं, प्राण्यांवर जीव. एकोणिसाव्या अंकात तो वळून आपल्याकडे बघतो, पूर्ण चेहरा, डोळे विस्फारलेले, आणि ओरडतो की तुम्ही मला दिसताय. माझ्या अंगावर खरंच काटा आला, कारण तो घाबरलाय, आणि ज्याला घाबरलाय ते आपण आहोत. मग त्याची बायको-मुलं मारली जातात आणि १९९० च्या सव्विसाव्या अंकात त्याची गाठ पडते लेखकाशी, म्हणजे स्वतः ग्रँट मॉरिसनशी. माझ्या घरच्यांना का मारलंस, तर उत्तर काय, गोष्टीत नाट्य यावं म्हणून. आणि तेच मॉरिसन त्याच पानांमध्ये आपल्या मेलेल्या मांजरीबद्दल, जरमाराबद्दल, बोलतात, तेव्हा कळतं की भिंतीच्या त्या बाजूचं दुःख आणि या बाजूचं दुःख वेगळं नाही. शेवटी बडीला त्याची माणसं परत मिळतात. मी रडले.

कॉमिक्समध्ये एक मात्र आहे, पात्र कितीही ओरडलं तरी आपण उत्तर देऊ शकत नाही. रंगमंचावर देता येतं. ही भिंत कल्पनेत उभी केली फ्रेंच लेखक दिदरोनं, १७५८ साली नटांना सांगितलं की समोर मोठी भिंत आहे असं समजा आणि प्रेक्षक नाहीतच असं खेळा. आपल्या तमाशात असली भिंत कधी नव्हतीच. गण झाला, गौळण आली की मावशी (म्हणजे लुगडं नेसलेला पुरुषच) कृष्णाशी भांडता भांडता मधेच समोरच्यांना विचारणार, बघा हो, तुम्हीच सांगा. सोंगाड्या वगातल्या राजाच्या दरबारातून सरळ गावच्या राजकारणावर घसरणार, मागून कुणी ओरडलं की त्याला तिथल्या तिथे उत्तर. दौलतजादा करणाऱ्याचं नाव स्टेजवरून घेतलं जातं, म्हणजे प्रेक्षकच खेळात ओढला जातो. नाटक परकं वाटतच नाही मग, आणि ही ताकद आपल्याकडे इतकी जुनी आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि मग घाशीराम कोतवाल. १६ डिसेंबर १९७२, पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग, तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात तर भिंत खरोखर उभी केलीय, पण माणसांची! पुण्याचे ब्राह्मण ओळीनं उभे, डुलतायत, गातायत, आणि पाठ फिरवली की त्यांचाच पडदा होतो. पडद्याआड काय चाललंय हे आपल्याला कळतं, त्यांना पण कळतं, आणि तरी गाणं चालूच. सूत्रधार आपल्याशी बोलतो, मधूनच त्या ओळीतल्या माणसांना पण अडवतो, त्यामुळे आपण कुठल्या बाजूला आहोत तेच समजेनासं होतं. नाना फडणवीस कोतवाल घाशीरामच्या पोरीच्या मागे लागतो तेव्हा ते सगळे तिथेच असतात आणि आपणही तिकीट काढून तिथेच बसलेले असतो. बडी निदान ओरडून सांगतो की तुम्ही दिसताय, इथे ही ओळ नुसती पाठ फिरवते आणि मला ते जास्त लागतं.