पंधरा ते आठ

परवा दुपारी माळ्यावर पणत्या शोधत होते, तर खोक्याच्या तळाशी ठिपक्यांचा कागद सापडला. वर्तमानपत्राचा, तपकिरी पडलेला, घड्यांवर विरलेला. उजेडात धरला तर भोकाभोकांतून खिडकी दिसली. प्रत्येक भोकाला उदबत्तीच्या चटक्याची काळपट कड. पंधरा ते आठ. आत्याच्या हातचा.

खाली नात शाळेतून आलेलं पाकीट उघडून बसली होती. सणातून गणित म्हणे. छापील पणत्या, कापून ठेवलेला कंदील, चिकटवायच्या टिकल्या, सगळं तयार. पाचाच्या पणतीवर पाच टिकल्या, सहाच्या पणतीवर सहा. दहा मिनिटांत आटोपलं, कारण चुकायला जागाच ठेवली नव्हती. तयार गोष्टींवर माझा राग आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारणीने दारात साच्याची रांगोळी काढली तर मी कौतुक करते, पण आवाज बारीक येतो.

आत्या दर दिवाळीला नवा कागद करायची. दोन बोटं अंतर ठेवत पेन्सिलीने मधली पंधराची ओळ, मग वर आणि खाली चौदा, तेरा, असं उतरत आठापर्यंत. मोजायला सुरुवात 'एक'ने नाही. 'लाभ, दोन, तीन...' आजोबा खळ्यावर पायलीने भात मोजायचे ते तसंच, आणि आत्याने ते भातावरून रांगोळीवर आणलं. चटके द्यायचं काम माझं. उदबत्ती टेकवायची आणि लगेच उचलायची. जरा रेंगाळलं की भोक पसरत शेजारच्याला जाऊन मिळायचं. मग आत्या नुसती बघायची. त्या बघण्यापेक्षा रागावलेली परवडली असती.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे. गेरूवर कागद अंथरायचा, चिमटीने रांगोळी टाकून तळव्याने फिरवायची, आणि दोन्हीकडून धरून श्वास रोखून उचलायचा. एखादं भोक द्यायचं राहिलं असेल तर तिथे ठिपका नाही, आणि रेघ तिथवर येऊन थांबायची. कुणी काही बोलायची गरज नसे. रांगोळीच अडून बसायची.

तर नातीला म्हटलं, चल, पाच ते तीन करू. चिंचोके घेतले. मधल्या ओळीत पाच मांडले तिने, झटकन. खाली चार मांडायला सांगितले तर तिने ते वरच्यांच्या बरोबर खाली ठेवले, पलटणीसारखे, आणि शेवटचा एक उघडा पडला. 'दोघांच्या मध्ये बसवायचा,' मी म्हटलं. तिने पहिला चिंचोका दोघांच्या मध्ये सरकवला, दुसरा सरकवला, आणि मग टोकाच्या चिंचोक्याकडे बघत विचारलं, 'मग ह्याच्या दुसऱ्या बाजूला कोण?'

कुणी नाही. म्हणून तर चार. पण हे मी बोलले नाही. तिने हात आखडता घेतला, परत मोजले, आणि तिसऱ्या ओळीला न सांगता तीनच उचलले. वरची बाजू तर तिने एकटीनेच पुरी केली. एकूण एकोणीस.

मग हाव सुटली. सात ते चार, म्हणजे सदतीस. इथे घोटाळा झाला, कारण वाटेत एकोणतीस लागतं. अठ्ठावीसनंतर ती 'नऊवीस' म्हणाली. तिचं काय चुकलं? आपणच तीस यायच्या आधी तिसाचं नाव घेऊन मोकळे होतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. मीही तावातावाने बोलले होते, की आता गणपतीला वीस एक मोदक करायचे म्हणजे नक्की किती, एकवीस की वीसेक? परवा मात्र नऊवीस ऐकून गप्प बसले.

ती झोपल्यावर मी पंधरा ते आठची बेरीज केली. १६९ भरली. तेराचा वर्ग! म्हणजे तेवढेच ठिपके तेरा-तेराच्या तेरा ओळींत चौकोनी मांडता येतील, एकही उरणार नाही. मी उठून ह्यांना सांगायला गेले. ते म्हणाले, 'बरं.' पाच ते तीनचं असं काही होत नाही, सात ते चारचंही नाही. पंधरा ते आठच का, ते आत्याला विचारायला हवं होतं. तिला बहुधा फक्त इतकंच माहीत असणार की मोठा कागद तेवढाच पुरतो.

आता कुणी म्हणेल, बघा, सणावारातून गणित कसं सहज येतं. इतकी वर्षं मी ठिपके जोडले, कंदिलाला सहा चौकोन कामट्यांचे बांधले, चोवीस कामट्या आणि बाराही कोपऱ्यांना सुतळी, मधल्या आठ त्रिकोणांना खळीने पतंगाचा कागद चिकटवला. आणि नववीत भूमितीत मला ३५ मार्क होते. काठावर. ते पुस्तक आणि तो कंदील एकमेकांच्या ओळखीचे आहेत असं मला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी ३६ पडले असते, फार तर.

चार दिवसांनी नातीच्या वहीत बाईंचा शेरा आला: मोजणी चांगली, 'एक' म्हणण्याचा सराव घ्यावा. वर्गात मण्यांची माळ मोजताना ती लाभ, दोन, तीन म्हणाली होती.

सराव घेतेय. काल तिला पोळ्या मोजायला बसवलं. 'एक,' म्हणाली. माझ्याकडे बघितलं. मग वरची पोळी परत डब्यावर ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.