काटोलच्या बागेतून आर्नहेमलँडच्या रेड्यापर्यंत: तिरकमठ्याची तयारी

भारतात रानम्हशीची शिकार करता येत नाही आणि करूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. महाराष्ट्रात ती उरली आहे ती गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, कोलामार्काच्या जंगलात. २०१३ मध्ये केवळ तिच्यासाठी तिथे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. मी शिकार केली ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, नॉर्दर्न टेरिटरीतल्या आर्नहेमलँड भागात. तिथे ही जनावरं मुळात नव्हतीच. १८२० ते १८५० च्या दरम्यान इंग्रजांनी मेलव्हिल बेटावर आणि कोबर्ग द्वीपकल्पावर वसाहती केल्या, मांसासाठी इंडोनेशियाकडच्या बेटांवरून पाळीव म्हशी नेल्या, मग वसाहती सोडून दिल्या आणि म्हशी तिथेच राहिल्या. पाणथळ जमीन, माणूस कमी, वाघ नाही. मोकाट सुटलेली ती जनावरं वाढत वाढत लाखांच्या घरात गेली. पाणथळीतून त्यांच्या येण्याजाण्याने चर पडतात, त्या चरांतून समुद्राचं खारं पाणी गोड्या पाण्यात शिरतं आणि झाडं मरतात. १९७० ते १९९७ या काळात गुरांचा क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा रोग) संपवण्याच्या सरकारी मोहिमेत हजारो म्हशी गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्यानंतर त्या पुन्हा वाढल्या.

जायच्या आधी मी कोलामार्काला गेलो होतो. तिथल्या माडिया वाटाड्याने ओढ्याकाठच्या चिखलात उमटलेला खूर दाखवला, शेण दाखवलं, जनावर काही दिसलं नाही. त्याच वंशाची जनावरं एका देशात इतकी की सरकार मारतं, आणि आपल्याकडे खूर दिसला तरी दिवस सार्थकी लागतो. हे मनात पक्कं बसल्यावरच मी पुढचं ठरवलं. तसं वाटलं नसतं तर गेलो नसतो.

माझा मामेभाऊ, आमचा दादा, डार्विनला नोकरीला आहे. तो तिथे आधीपासून लाँगबो, म्हणजे लांब साधं धनुष्य, चालवतो. रायफलीने का नाही, हा प्रश्न घरी बाबांनीही विचारला. खरं उत्तर असं की मला जनावराच्या जवळ जायचं होतं. रायफल शंभर-दीडशे मीटरवरून काम करते. साध्या धनुष्याला, ज्याला चाक नाही, नेम धरायची काच नाही, रेड्यापासून वीस मीटरच्या आत जावं लागतं. तिथे वारा एकदा फिरला की सगळं संपलं.

तिरंदाजी मी लहानपणी बांबूच्या धनुष्यावर शिकलो होतो, आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात, ५० आणि ३० मीटरवर. आता नागपुरात पोरांचा ओढा कंपाउंडकडे, म्हणजे चाकांच्या धनुष्याकडे आहे, आणि ते साहजिकच आहे. आपल्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेऊन जगज्जेतेपद आणलं. पण कंपाउंडमध्ये दोरी पूर्ण ओढली की चाकं बहुतेक भार उचलतात. लाँगबोमध्ये सगळा भार शेवटपर्यंत बोटांवर आणि पाठीवर राहतो. थांबून नेम धरायला सवडच नाही. दोरी तोंडाच्या कोपऱ्याला लागली, पाठ घट्ट झाली, सोडलं.

सुरुवात ४५ पौंडांच्या धनुष्याने केली, म्हणजे साधारण वीस किलो ओढ. रेड्यासाठी ते पुरत नाही. तिथून ५५, मग ६५. या वाढीला घाई चालत नाही. खांद्याचा स्नायू ताणला गेला तर महिनेच्या महिने जातात आणि वाईट सवय लागली तर वर्षं जातात. ६५ वर आल्यावरही मी आठवड्यातले काही दिवस मुद्दाम ४५ च्याच धनुष्यावर सराव करायचो, म्हणजे हात नीट सुटतो का ते कळतं. जड धनुष्य चूक लपवतं, कारण सगळं लक्ष ओढण्यातच जातं.

सराव काटोलजवळ सासरच्या संत्र्याच्या बागेत. धुऱ्यावर मातीची चांगली उंच भिंत आहे, तिच्यापुढे बारदानात जुने कपडे आणि प्लॅस्टिक दाबून भरलेलं लक्ष्य. सासरेबुवा सुरुवातीला लांबून पाहायचे, नंतर स्वतःच बारदान शिवून द्यायला लागले. उन्हाळ्यात पहाटेच जायचं. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवायचं नाही, लाकडाचे आणि फायबरग्लासचे थर ज्या गोंदाने जोडलेले असतात तो सैल होऊ शकतो. आणि रोजचा पहिला बाण वहीत लिहायचा. अंग गरम झाल्यावर कुणीही चांगला मारतो. रेडा समोर आला तेव्हा तुमचं अंग थंडच असणार, आणि बाण बहुधा एकच मिळणार. त्यामुळे मी पुढे पुढे रोज बागेत पोचल्यावर एकच बाण मारायचो, तोही गुडघ्यावर बसून किंवा फांदीखालून वाकून, आणि त्यावरच दिवस कसा गेला ते ठरवायचो.

बाणाचा विषय मोठा आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या जनावराच्या रायफलीच्या गोळीत पाच हजार ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. माझ्या बाणात जेमतेम पन्नास. बाण धक्क्याने मारत नाही, कापून रक्तस्राव करतो. म्हणून त्याला आत जावंच लागतं. एड ॲशबी या अमेरिकन शिकाऱ्याने १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या म्हशींवर बाण किती खोल जातो याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जाड हाड फोडायचं तर बाण साडेसहाशे ग्रेनच्या, म्हणजे ४२ ग्रॅमच्या वर हवा, वजन पुढच्या बाजूला हवं, पातं दोनच धारांचं, लांबट आणि अरुंद हवं, आणि काहीही वाकता-तुटता कामा नये. स्पर्धेतला बाण वीस-बावीस ग्रॅमचा असतो. मी ९०० ग्रेनवर थांबलो, सुमारे ५८ ग्रॅम. वेग कमी होतो, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि तीस मीटरवर तो जमिनीकडे इतका वाकतो की मारूच नये. पण मला तीस मीटरवर मारायचंच नव्हतं.

पात्याला धार लावणं मी इतवारीतल्या एका जुन्या कारागिराकडून शिकलो. तो कात्र्यांना धार लावतो. एकाच बाजूने उतार असलेलं पातं पाहून त्याने आधी मान हलवली, मग दगड काढला. हातावरचे केस अलगद निघाले पाहिजेत, एवढी धार. आणि ती जेवढा वेळ भात्यात राहील तेवढा वेळ टिकली पाहिजे, म्हणून तेलाचा पातळ हात.

जनावराचं शरीर शिकायला मी गोठ्यात गेलो. वाडीकडे एक गोठा आहे, तिथे मुऱ्हा आहेत आणि काही आपल्या नागपुरी म्हशीही, तलवारीसारख्या लांब शिंगांच्या. मी बादली उलटी घालून बसायचो आणि पुढचा पाय पाहायचो. गवळीमामांनी विचारलं, "काय पाहून राहिले जी तुम्ही? घ्यायची आहे का म्हैस?" सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. स्वतः हात लावून दाखवलं, कोपर कुठे, फऱ्याचं हाड कुठवर येतं, श्वास घेताना कुठली जागा हलते. म्हशीचं हृदय आणि फुप्फुसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खाली आणि पुढे असतात. पुढचा पाय पुढे टाकला की फऱ्याचं हाड सरकतं आणि कोपरामागे तळहाताएवढी जागा मोकळी होते. पाय मागे असला की तीच जागा बंद. मग कामठीला एका खाटकाकडून म्हशीच्या बरगड्यांचा पिंजरा आणि फऱ्याचं हाड विकत घेतलं. बरगड्या इतक्या रुंद की एकमेकींच्या जवळजवळ अंगावर आलेल्या. बागेत त्यावर बाण मारून पाहिले. बरगडीतून बाण गेला. फऱ्याच्या हाडाच्या जाड कण्यावर मारला तर तिथेच अडकला. त्यानंतर खांद्यावर मारायचा विचार मी कायमचा सोडला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. आर्नहेमलँड आदिवासींच्या मालकीचं आहे, त्यामुळे परवाना नॉर्दर्न लँड कौन्सिलमार्फत लागतो आणि शिकारीची परवानगी जमिनीच्या मूळ मालकांची. शिकार घडवणारे लोक हे बघतात, पण स्वतः विचारून खात्री करून घ्या. विमानतळावर लाकूड आणि पिसं हे दोन्ही जाहीर करावं लागतं. बाणांची पिसं मी आधीच साफ करून वेगळ्या नळकांड्यात ठेवली होती. अधिकाऱ्याने पाहिली, विचारलं, सोडलं.

आम्ही गेलो ऑगस्टमध्ये, तिकडच्या कोरड्या हंगामात. आपल्याकडच्या मार्चसारखं ऊन, जळालेल्या गवताचा वास, पांढऱ्या सालीच्या पेपरबार्क झाडांमधून पाण्याची डबकी, आणि त्या डबक्यांत मगरी असतात म्हणून पाण्याच्या काठाने चालायचं नाही. मार्गदर्शक जड रायफल घेऊन मागे. ही अट मला पूर्ण मान्य होती. जखमी रेडा झाडीत थांबून माणसाची वाट पाहतो, हे सगळे अनुभवी लोक सांगतात.

रेड्याची नजर मध्यम, कान बरे, नाक विलक्षण. म्हणून दिवसभर एकच काम: राखेची चिमूट सोडून वारा पाहणं. एक मोठा रेडा डबक्यातून उठून थेट आमच्यासमोर उभा राहिला, अगदी बाराएक मीटरवर. चिखल निथळत होता, नाकपुड्या फुगत होत्या. हातात दोरी होती. समोरून छाती दिसते, पण तिथे बाणाला जायला जागाच नसते. दादा मागून पुटपुटला, "नको." मीही ओढलं नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला आणि वळून निघून गेला. दुसरा एक रेडा अगदी हवा तसा आडवा मिळाला, पण त्याच्या पलीकडे म्हैस उभी होती, बाण आरपार गेला असता तर तिला लागला असता. असे कितीतरी सोडले. या सोडण्याचा सराव बागेत होत नाही. तो तिथेच, छाती धडधडत असताना करावा लागतो, आणि बाण मारण्याहून तो अवघड आहे असं मी अनुभवाने म्हणतो.

शेवटी दुपारी, सावलीत झोपलेला एकटा रेडा सापडला. शिंगं मागे वळलेली, टोकं घासून बोथट झालेली, म्हणजे वय झालेलं. आम्ही रांगत गेलो. बसलेल्या जनावराच्या बरगड्या दबलेल्या असतात, म्हणून उठायची वाट पाहिली. हाताला मुंग्या आल्या, माशा डोळ्यांत गेल्या. तो उठला, अंग झटकलं आणि आमच्यापासून थोडा तिरका पाठमोरा होऊन एक पाऊल टाकलं. अलीकडचा पुढचा पाय पुढे गेला. वाडीच्या गोठ्यात जी जागा पाहत बसायचो ती दिसली. बाण सुटल्याचं मला कळलं ते पिसं कोपरामागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात गडप झाल्यावर.

तो झाडीत घुसला, सत्तर-ऐंशी मीटर पळाला, थांबून मागे वळून पाहिलं. मार्गदर्शकाने रायफल खांद्याला लावली, पण वेळ आली नाही. रेड्याचे पुढचे पाय दुमडले. जमिनीवरचं रक्त लाल आणि फेसाळ होतं, म्हणजे फुप्फुसातलं. तरीही आम्ही अर्धा तास बसून राहिलो. मग पाठीमागच्या बाजूने जाऊन धनुष्याच्या टोकाने डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही.

मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसलो. आनंद झाला होता, खूप, आणि त्याच वेळी गळा दाटून आला होता. दोन्हींतलं एकही खोटं नव्हतं. मांस जवळच्या वस्तीवर पोचवलं, थोडं रात्री निखाऱ्यावर भाजलं. म्हातारा रेडा, चिवट, पण दादाने नागपूरहून मागवलेला सावजी मसाला लावला होता.

कापताना बाणाची वाट पाहिली. एका बरगडीतून आत, दोन्ही फुप्फुसं, आणि पलीकडच्या बरगडीत पातं रुतून बसलेलं. धारेला एक बारीक खाच, बाण सरळ. आरपार गेला नाही, आणि जायला हवा होता, कारण दोन्ही बाजूंनी भोक पडलं की माग काढणं सोपं जातं. दादाचं म्हणणं, पुढच्या वेळी ७० पौंडांवर जा. मला वाटतं धनुष्य आहे तेच ठेवावं आणि पातं आणखी अरुंद घ्यावं. त्यासाठी कामठीहून पुन्हा बरगड्या आणल्या आहेत. दोन्ही प्रकारची पाती त्यावर मारून बघणार आहे.