विकत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"लोणावळ्याचं घर विकून का टाकत नाही?" पुण्यात कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच. वर्षातून जेमतेम वीस दिवस आम्ही तिथे राहतो. घरपट्टी, वीजबिल आणि डागडुजी बाराही महिने चालू. पैशांत हिशोब बसत नाही, हे मला मान्य आहे. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

घर आजोबांनी बांधलं. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत नऊ माणसं राहायची. निदान मे महिन्यात तरी पोरांना अंगण मिळावं, एवढाच त्यांचा विचार. दगडी जोतं, तीन खोल्या, पुढे ओटी, वर मंगलोरी कौलं.

आजोबा मृत्युपत्र न करता गेले. तेव्हा जो तो सांगायचा, बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घ्या, तिला तिचं सासर आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो, पण घरोघरी तो एका सहीत संपतो. बाबांनी आणि काकांनी तो कागद होऊच दिला नाही. मिळकतपत्रिकेवर आत्याचं नाव लागलं. घर टिकलं ते यामुळे, असं मी ठामपणे म्हणतो. नुसत्या सहीपुरती बोलावलेली बहीण पुन्हा मुक्कामाला येत नाही, आणि तिची मुलंही येत नाहीत.

आमच्याकडे सगळे येतात, ते शाकारणीला. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. वाऱ्याने कौलं सरकतात, माकडं फोडतात, फटींत शेवाळ धरतं. पावसाआधी सगळं छप्पर उतरवून पुन्हा बसवावं लागतं. हे काम जाणणारे दोघे गावातले. ते वर आढ्यापाशी, आणि आम्ही आठ चुलत-आते भावंडं खाली रांगेत, हातोहात कौलं देत. खराट्याने घासलेलं प्रत्येक कौल आधी ओटीवर आत्याकडे जातं. ती ते उभं धरते आणि बोटाच्या पेराने वाजवते. खणखणीत वाजलं तर वर, बद्द वाजलं तर बाजूला. डोळ्यांना चीर दिसत नाही, पण तिच्या कानाला कळते. तिचं वय ८२. बाबा आता नाहीत, काकाही नाहीत.

दलाल फोन करतो तेव्हा त्याला घर म्हणजे फक्त जागेचे चौरस फूट. मी त्याच्याशी नीट बोलतो आणि नाही म्हणतो.

यंदा बासष्ट कौलं बद्द निघाली. त्यांच्या मापाची नवी मिळेनात. शेवटी पेठेतल्याच एका वाड्याची मिळाली. तो पाडायला घेतला होता. टेंपो दारात आला तशी आत्याने चष्मा पुसला, पाट पुढे ओढला आणि म्हणाली, "उतरवा. तीही वाजवून घेऊ."