आज अखेर स्टेटमेंट उघडलं

तीन आठवडे टाळत होतो, आज मनाचा हिय्या करून बसलो बँकेचं स्टेटमेंट घेऊन. मंदी आल्यापासून पोटात गोळाच आहे, ऑफिसात शेजारचं टेबल सोमवारपासून रिकामं, त्याचा चार्जर अजून तसाच लोंबतोय. असो. तर एका ॲपचे पैसे दर महिन्याला आपोआप कटतायत, आणि ते ॲप मी फोनमधून कधीच उडवलंय! ॲप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं समजणारा महाभाग मीच. पण खरा घाम फुटला तो क्रेडिट कार्डावर. मी आपला मिनिमम ड्यू भरून निवांत, आणि उरलेल्यावर महिन्याला 3 टक्के व्याज, ऐकायला किरकोळ वाटतं ना, चक्रवाढ धरून वर्षाला 42 च्या वर जातं, कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. आणि इकडे एफडी सांभाळत बसलोय, जिचं व्याज याच्या पासंगालाही पुरत नाही! बायको म्हणाली, मग मोड की. मोडली, पण सगळी नाही, नोकरी गेलीच तर सहा महिन्यांचं भाडं आणि हप्ते हाताशी हवेत. कार्ड आता कपाटात, किल्ली तिच्याकडे. नंबर मला पाठ आहे हे तिला माहीत नाही, ती फेसबुकवर नसते म्हणून लिहितोय.