इतिहास-भूगोल घेऊन काय मिळवलंस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, शिमग्यात पालखीमागे चालताना मावश्या विचारतात, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा दोन थांब्यांत तिथवर येते. दहावीला एवढे टक्के होते, मग आर्ट्स कशाला घेतलंस? इतिहास-भूगोल घेऊन काय मिळवलंस?

‘सायन्स झेपलं नसेल’ हे त्यात न बोलता आलेलंच असतं. ते आधी खोडून टाकते. दहावीला मला गणितात इतिहासापेक्षा जास्त मार्क होते. आणि कोकण बोर्डाचा निकाल राज्यात पहिला म्हणून पेपरातलं कात्रण फिरवणारी तुम्हीच माणसं. त्या निकालात आर्ट्सची पोरंही धरलेली असतात, ते कसं विसरता?

बरं, आता खरं सांगते. सायन्स तालुक्याच्या गावी होतं. पहाटेची एसटी, परत यायला काळोख, वर क्लासची फी. आर्ट्स चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ‘मला आवडतं म्हणून घेतलं’ असं मी तेव्हा छातीठोक सांगायचे. त्यातलं निम्मं खरं होतं. कुठलं निम्मं, ते आजही नक्की सांगता येणार नाही.

बारावीला भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशा, असायची. प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, निळे ओढे, पिवळी शेती, तांबडी घरं. आमच्या वाट्याला आलेली शीट घाटावरची. त्यावर ना खाडी, ना सडा, म्हणजे आमच्याकडचं कातळाचं पठार. सर म्हणाले, मग आपापल्या गावाचा कच्चा नकाशा काढून आणा. मी काढला. वर सडा, तिथे रेषा एकमेकींपासून लांब लांब. सड्याच्या कडेला त्या एकमेकींना चिकटलेल्या. खाली व्हाळ, म्हणजे ओढा, आणि भाताचे मळे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर का येतो, ते मला त्या कागदावर कळलं. सड्याचा जांभा दगड सच्छिद्र, पाणी त्यात मुरतं पण थांबत नाही, कड्याखालच्या झऱ्यांतून निघून जातं. पुढे नद्याही आखूड, सह्याद्रीतून निघाल्या की लगेच समुद्र.

मग त्यावर वाड्या मांडल्या. झऱ्यांच्या तोंडाशी कोण, मळ्यांच्या काठाला कोण, आणि वर भरडावर, म्हणजे पाण्यापासून लांबच्या हलक्या जमिनीवर, कोण. आमची वाडी भरडावर. जन्मापासून हे बघत होते, पण उंचीच्या रेषांवर बघितल्यावर तो योगायोग वाटेना.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत इतिहासाच्या बाईंनी गावाची माहिती लिहून आणायला सांगितली. वर्गात आम्ही फ्रेंच राज्यक्रांतीतले सरंजामदार पाठ करत होतो. मी खोतीवर लिहायचं ठरवलं. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा वतनदार, आणि आमचं घर खोतांचं कूळ, त्यांची जमीन कसणारं. त्यांच्या हिशेबाच्या जुन्या वह्या अजून आहेत असं ऐकलं होतं. म्हणून आजोबांना घेऊन खोतांच्या घरी गेले.

खोतांचा नातू चांगला माणूस, हे मुद्दाम लिहिते. त्याने मला ओटीवर खुर्ची दिली. आजोबांना म्हणाला, “वर या ना, आता कसलं काय राहिलंय?” आजोबा खळ्यात तुळशीपाशी उकिडवे बसले. “माका हयसरच बरा आसा, भाऊनू.” त्याने पुन्हा म्हटलं. आजोबांचं पुन्हा तेच.

वह्या जुन्या मोडी लिपीत होत्या. मला एक अक्षर लागेना, नातवाला थोडं लागत होतं. तो कुणग्याचं, म्हणजे भातशेताच्या तुकड्याचं, नाव अडखळत वाचायचा आणि पुढचा आकडा लागला नाही की थांबायचा. तेवढ्यात खालून आवाज यायचा: इतके मण, इतक्या पायल्या. पहिल्यांदा मला वाटलं आजोबा अंदाजाने बोलतायत. मग नातवाने बोट ठेवून आकडा लावून बघितला. बरोबर होता. पुढचाही. कुठल्या कुणग्यातनं खोताला अर्धेल, म्हणजे निम्म्या पिकाचा वाटा, किती गेली, ते वही न बघता म्हाताऱ्याला पाठ होतं. अक्षरओळख नसलेला माणूस. शेवटी नातू वाचायचाच थांबला, आजोबा सांगत राहिले आणि मी लिहून घेत राहिले.

चहा आला. एकाच ट्रेमधून, सारखेच कप. आजोबांनी पिऊन झाल्यावर कप खळ्यातल्या नळावर विसळला आणि पायरीवर पालथा ठेवला. “अहो राहू दे,” म्हणेपर्यंत विसळून झाला होता.

वाटेत मी विचारलं, वर का नाही आलात? म्हणाले, “पाय मातीचे हुते.” दिवाळीतलं ते कडकडीत ऊन, पाय कुठले मातीचे!

डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबई विधानसभेत मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाला गेले. तिकडे अलिबागजवळ चरी गावातला शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ पासूनच चालू होता. कायदा झाला १९४९ चा. हे सगळं मी नंतर वाचलं. तारखा मला पाठ आहेत, मुलांकडून पाठ करूनही घेते. पण १९४९ लिहिताना हात थोडा अडतो.

आता ही गोष्ट सांगितली की ऐकणारे माना डोलावतात: अच्छा, म्हणून तू इतिहास घेतलास! नाही हो. घेतला तेव्हा यातलं काहीच घडलं नव्हतं. तेव्हा एसटी होती आणि फी होती. नंतर सापडलेलं कारण मी आधीच्या निर्णयाला चिकटवते की काय, ही शंका मलाच येते. आणि त्या सोळा वर्षांच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणेल, मला पानिपत आवडायचं, तू खोती कुठून आणलीस?

आणि मिळवलं काय, तर तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन कधी येतं ते विचारू नका. माझ्याबरोबर सायन्सला गेलेली एक मैत्रीण पुण्यात आहे, घर झालं तिचं. मला हेवा वाटतो. न वाटल्यासारखं करायचे, ते आता सोडलंय. दुसरी तिथूनच नापास होऊन परत आली, तिच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

जूनमध्ये एक बाप आला होता. मुलीला भूगोल घेऊ दे का, म्हणाला. मी त्याला एसटीचं वेळापत्रक विचारलं, घरची परिस्थिती विचारली, मुलीला काय आवडतं तेही विचारलं. हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. तो वैतागला. “मॅडम, तुम्ही स्वतः घेतलेला ना?” म्हणाला. घेतलेला, म्हटलं.