धुपदाळचं पाणी आणि कांड्या करकोचे

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवर धुपदाळला इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्याच्या मागं अडलेलं पाणी, मधली बेटं आणि काठ मिळून १९७४ साली घटप्रभा पक्षी अभयारण्य झालं. क्षेत्र २९.७८ चौरस किलोमीटर. याच नदीवरचा गोकाकचा धबधबा बघायला बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडून पावसाळाभर गाड्यांची रीघ लागते. त्यातल्या फार थोड्या धुपदाळकडं वळतात, आणि ज्या वळतात त्यांना गढूळ, भरलेलं पाणी दिसतं, पक्षी जवळजवळ नाहीत. यायचं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत.

कारण सगळा खेळ खोलीचा आहे. तुतवारासारख्या चिमुकल्या पाखराला चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरतं, त्याच्यावर गेलं की त्याचं पोट भिजतं आणि चोच चिखलापर्यंत पोचत नाही. लांब पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात सहज चालतो. हळदीकुंकू, तलवार बदक ही बदकं डोकं खाली, शेपटी वर करून तळ चाळतात, त्यांना हातभर खोली जास्तच होते. कांड्या करकोचा रात्री गुडघाभर पाण्यात उभा राहून झोपतो, म्हणजे काठावरून कोल्हा किंवा कुत्रं आलं तर पाण्याच्या आवाजानं कळतं. बंधारा तुडुंब असला की यातल्या बहुतेकांना तिथं जागाच नसते, उरतात ते बुड्या मारणारे पाणकावळे आणि टिबुकल्या.

धुपदाळला पाणी येतं ते वरच्या हिडकल धरणातून आणि आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वरावरून येणाऱ्या हिरण्यकेशीतून. रब्बीचं आवर्तन सुटलं की पातळी एका रात्रीत वाढते आणि आदल्या दिवशी पाखरांनी भरलेला चिखलाचा पट्टा नाहीसा होतो. उलट पाणी झटकन उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि भटकी कुत्री चालत आत शिरतात. दोन्हींवर उपाय एकच, पातळी हळू बदलायची. दिवसाला थोडाथोडा फरक पाखरं पचवतात. शेतकऱ्याच्या वाट्याचं पाणी यानं कमी होत नाही, फक्त दारं उघडण्या-मिटण्याचं वेळापत्रक पाटबंधारे आणि वनखात्यानं एकत्र बसून ठरवायला हवं. या पाणथळीसाठी एकच गोष्ट मागायची झाली तर आम्ही हीच मागू.

कांड्या करकोचा हा जगातला सर्वांत लहान क्रौंच. उंची तीन फुटांच्या आसपास, वजन दोन ते तीन किलो. राखाडी अंग, काळा गळा, डोळ्यामागून मागं लोंबणारा पांढरा पिसांचा झुबका. मध्य आशिया आणि मंगोलियाच्या गवताळ पठारांवर पिल्लं काढून तो इकडं येतो. उजाडताच थवे पाण्यावरून उठतात आणि शेंगा काढलेल्या, हरभऱ्याच्या, शाळूच्या रानात उतरतात. ऊन चढलं की पाणी प्यायला, अंग साफ करायला परत. दुपार कलली की पुन्हा रानात, आणि दिवस मावळताना घशातला घोगरा ‘क्रर्र’ करत मुक्कामाला. म्हणून पाणी राखून अर्धंच काम होतं. या पाखराला उघडं रान लागतं, चारी बाजूंना नजर गेली पाहिजे. उसात ते उतरत नाही. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो, म्हणजे तेवढं रान दीड वर्ष त्याला बंद. शेंगा आणि शाळूच्या जागी ऊस येतो तसतशी त्याची जेवणाची जागा आक्रसते, आणि उरलेल्या हरभऱ्यावर सगळा थवा येऊन पडतो. कोवळा हरभरा उपटला गेला तर शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. फटाके वाजवले की थवा शेजारच्याच्या रानात जातो, एवढंच होतं. उगवणीचे पहिले दोन-तीन आठवडे पहाटे माणूस राखणीला उभा करणं जास्त उपयोगी पडतं. शेंगा काढल्यावर रान आठवडाभर न नांगरता ठेवलं तर खाली गळलेले दाणे वेचण्यातच थवा गुंतून राहतो.

काठाला जलपर्णी धरली असेल तर ती फुलायच्या आत काढायची. अनुकूल हवेत दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. यंत्रानं पाण्यातच तुकडे करणं म्हणजे लावण करण्यासारखं आहे, तुकड्यातुकड्याला फुटवे येतात आणि कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो. मुळासकट ओढून काठापासून लांब, पुराचं पाणी पोचणार नाही अशा जागी वाळवायची. साखर कारखान्याच्या किंवा मळीच्या सांडपाण्यानंही प्राणवायू असाच संपतो. त्याची खूण पहाटे दिसते, कारण तेव्हा पाण्यात तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडानं हवा ओढताना दिसले तर तारीख-वेळ घालून फोटो काढा आणि स्वच्छ बाटलीत, बुडबुडा न ठेवता, पाणी भरून घ्या. दुपारपर्यंत थांबलात तर पुरावा राहत नाही.

तंगूसच्या जाळ्यांबद्दल फार कमी बोललं जातं. हा नायलॉनचा धागा पाण्यात दिसतच नाही. फाटलेलं जाळं मासेमार काठावर टाकतो, ते बेशरमाच्या झुडपांत अडकतं आणि वर्षानुवर्षं पाखरं धरत राहतं. अडकलेला पाणकावळा सापडला तर आधी त्याच्या डोक्यावर फडका टाका, पंख अंगाशी दाबून धरा, चोच डोळ्यांपासून लांब ठेवा आणि धागा ओढू नका, कात्रीनं तोडा. ओढला की तो पंखाच्या सांध्यात खोल रुततो. जखम असेल तर सोडू नका, वनखात्याला कळवा.

बघायला येणाऱ्यांसाठी: मिरज-बेळगाव मार्गावर घटप्रभा स्थानक आहे, तिथून रिक्षा मिळते. प्रवेशाची परवानगी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारा. उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर बसा, सूर्य पाठीमागं राहील असा काठ निवडा. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. करकोच्यांपासून दोनशे मीटर लांब राहा. चरणारी पाखरं एकदम माना ताठ करून एकाच दिशेला बघू लागली की तुम्ही जास्त जवळ गेलात, थांबा आणि दोन पावलं मागं या. उडाली तर सकाळचा दाणा बुडाला. ड्रोन आणू नका. होडी घ्यायची तर स्थानिक मासेमाराची घ्या, पैसे त्याच्या हातात द्या, आणि ती खोल पाण्यातूनच फिरू द्या. पाखरांनी भरलेल्या उथळीतून नाव नेणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

मोजायची हौस असेल तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत सामील व्हा. थव्यातले दहा पक्षी एकेक करून मोजा, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवा आणि तेवढे तुकडे पुढं मोजत जा. दोघांनी वेगवेगळं मोजून मगच आकडे जुळवा. मुक्कामाला येणारा थवा संध्याकाळीच मोजा. दिवसा रानारानांत मोजलात तर तोच थवा दोनदा येतो.

मार्चनंतर पाणी उतरतं, करकोचे जातात, आणि पात्रात उघड्या पडलेल्या गोट्यांवर-वाळूवर नदी सुरय आणि टिटवी अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता पंजानं उकरलेला खळगा, अंडी गोट्यांच्याच रंगाची, मातकट, वर काळपट ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. डोक्यावर पाखरू ओरडत घिरट्या घालू लागलं तर तिथंच थांबा आणि आलात त्याच पावलांवर परत फिरा. एप्रिलच्या उन्हात अंडं थोडा वेळ उघडं राहिलं तरी आतलं पिल्लू मरतं. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर येऊन बसते, दुपारभर हेच चालतं. तुम्ही काठावर उभे असाल तोवर ती परत येत नाही.