चावण्यापेक्षा कार्ड लवकर कामी आलं पाहिजे

अंगावर धावून येणं, डोकं आपटून घेणं, चावणं. शब्दांत सांगता न येणारं माणूस असं वागलं की 'हट्टी आहे' म्हणून विषय संपवला जातो. तो शब्द आधी बाजूला ठेवा, कारण त्याच्यापुढे कुणी शोधच घेत नाही.

पहिली शंका दुखण्याची घ्या. वागणं अचानक बदललं असेल तर दात, कान, बद्धकोष्ठता, पाळीच्या वेदना, झोप आणि नुकतंच बदललेलं औषध, हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्या. दाढ ठणकत असताना वागणूक सुधारायला बसणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

मग वही. दोनेक आठवडे प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, त्याने नेमकं काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. 'चिडला' नको, 'टीव्ही बंद केल्यावर गालावर तीनदा मारून घेतलं' असं हवं. शांत गेलेले दिवसही नोंदवा.

समजा, अंघोळीला नेलं की तो चावतो आणि अंघोळ टळते. तर आधी अंघोळच सुसह्य करा: डोक्यावर तांब्या ओतणं बंद, पाणी त्याला सोसेल तेवढंच गरम, पुढे काय होणार याची चित्रं भिंतीवर. सोबत 'थांबा'चं कार्ड शिकवा, म्हणजे नको असेल तेव्हा चावण्याऐवजी त्याने दाखवायचं कार्ड. ते लॅमिनेट केलेलं आणि हाताशी असावं, आणि सराव तो शांत असताना व्हावा. सुरुवातीला कार्ड दाखवलं की दर वेळी, त्याच क्षणी थांबायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. 'झालंच आता, एवढं साबण धुऊ दे' म्हटलं की कार्ड निरुपयोगी ठरतं आणि दात पुन्हा कामाला येतात. कार्ड सवयीचं झाल्यावरच थांबण्याआधी पाच सेकंद, मग दहा, असं हळूहळू वाढवा.

उद्रेक सुरू असताना काहीही शिकवू नका. एकानेच बोलावं, तेही दोन-तीन शब्द. दोन हात अंतरावर, थोडं बाजूला उभं राहा. दाराची वाट अडवू नका. बाकीच्यांना बाहेर न्या. पालथं पाडून दाबून धरणं तर कधीच नको, त्यात श्वास कोंडून जीव गेलेले आहेत. शांत झाल्यावर लगेच 'का केलंस?' विचारू नका. अंगातली खळबळ बराच वेळ टिकते, तेवढ्यानेही ती पुन्हा उसळते.

आणि वहीत एक रकाना वाढवा: आज त्याने कार्ड किती वेळा दाखवलं, आणि त्यातलं आपण किती वेळा ऐकलं.